नापासच होता येत नाही, तिला परीक्षा म्हणायचं का?

बालसाप्रेमी (ओहायो)
रविवारी एकदाची 'ट्रस्ट' दिली. अमेरिकेत हौसेखातर रिमोटचं काहीही उडवायचं तर ही एफएएची (अमेरिकेचं हवाई वाहतूक खातं) परीक्षा २०२१पासून द्यावीच लागते. फुकट, ऑनलाइन, २३ प्रश्न. उत्तर चुकलं की का चुकलं ते सांगतात आणि बरोबर येईपर्यंत पुन्हा विचारतात. म्हणजे सगळ्यांना पैकीच्या पैकी! वीस वर्षं मी रिमोटची विमानं बांधतोय. आडव्या वाऱ्यात उतरवून दाखव म्हणाले असते, तर मान्य. विमानाच्या नोंदणीला निदान २५० ग्रॅमपर्यंत सूट आहे, इथे तीही नाही. लेकीचं ८० ग्रॅमचं फोमचं विमान अंगणात उडवायलाही परीक्षा हवी. तेच शाळेच्या जिममध्ये उडवलं तर एफएएचा संबंध नाही. नुसता सोपस्कार.

खिडकीची_सीट
साफ असहमत. तुम्हाला वीस वर्षांत जे कळलं ते मला खोक्यातून ड्रोन काढताना कुठे ठाऊक होतं? पहिल्याच दिवशी ड्राइव्हवेवरून सरळ वर नेला. घरापासून दीड मैलावर छोटा विमानतळ आहे. ४०० फुटांची मर्यादा, त्या हद्दीत आधी परवानगी काढायची असते, हे सगळं नंतर ट्रस्ट देताना वाचलं आणि घाम फुटला. माझ्यासारख्याला नापास करून काय मिळणार होतं? वाचायला लावलं, एवढं पुरे.

सर्व्हो_९ग्रॅम
बालसाप्रेमींना +१. सुक्याबरोबर ओलंही जळालं. २०१२च्या कायद्यात कलम ३३६ होतं: छंद म्हणून मॉडेल विमानं उडवणाऱ्यांसाठी एफएएने नवे नियम करायचे नाहीत. तरी २०१५ला नोंदणी आणली. एक छांदिष्ट कोर्टात गेला, मे २०१७मध्ये जिंकला, आणि त्याच डिसेंबरात संसदेने नोंदणी परत आणली. २०१८ला ते कलमच उडवलं. उच्छाद ड्रोनवाल्यांचा, परीक्षा आम्हाला.

खिडकीची_सीट
'ड्रोनवाले' म्हणजे मीच की हो :)

बालसाप्रेमी
@खिडकीची_सीट, तुम्ही वाचलंत. आमच्या क्लबात एकजण चहा पीत, टीव्ही बघत, पर्याय दाबत सुटला. दहा मिनिटांत प्रमाणपत्र हातात. त्याला आज हवाई हद्द विचारा.

गच्चीवरचा (पुणे)
इकडे २०२१च्या ड्रोन नियमांत दोन किलोपर्यंत, धंद्यासाठी नसेल तर पायलटचं प्रमाणपत्रच लागत नाही. समोरच्या इमारतीतला पोरगा रोज संध्याकाळी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून भिरभिरवतो. त्याला कुणी एक प्रश्न विचारलेला नाही, तुम्हाला तेवीस विचारले. मला तर हेवा वाटतो.

सर्व्हो_९ग्रॅम
त्या पोराला तेवीस विचारले तरी तो भिरभिरवणारच, काका.

बालसाप्रेमी
अपडेट: फील्डवर प्रमाणपत्र मागितलं आणि फाइल कुठे सेव्ह केली तेच आठवेना. परीक्षा घेणाऱ्यांकडे चौकशी केली, तर ते आपली नोंदच ठेवत नाहीत. हरवलं की पुन्हा द्यायची. बसलोय परत, सातव्या प्रश्नावर आहे. एक चुकला.