सिडनीचे कॅप्टन पायपर: दोष टक्केवारीचा की माणसाचा?

धागाप्रवर्तक
न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीतील सिडनी बंदराचे नेव्हल ऑफिसर (म्हणजे बंदरावरील कर वसूल करणारे अधिकारी) कॅप्टन जॉन पायपर यांना गव्हर्नर डार्लिंग यांनी 1827 मध्ये निलंबित केले, कारण त्यांच्या हिशेबात सुमारे 12,000 पौंडांची तूट निघाली होती. इतिहासात ते उधळे म्हणून राहिले आहेत. माझ्या मते खरा दोष नेमणुकीच्या अटींत होता. 1814 पासून आयात मालावरील जकात, दारूवरील कर आणि बंदराची फी यांची वसुली त्यांच्याकडे होती आणि वसूल रकमेवर पाच टक्के हा त्यांचा मोबदला होता. वसाहत वाढली, व्यापार वाढला, तसतसे हे उत्पन्न वर्षाला 4,000 पौंडांच्या वर गेले. डार्लिंग यांच्या आधीचे एक गव्हर्नर मॅक्वारी यांचा पगार मात्र 2,000 पौंड होता. वसुली करणारा, हिशेब ठेवणारा आणि हिस्सा घेणारा एकच असेल, तर तो बिघडण्याची वाट कशाला पाहायची?

प्रतिसाद 1
असहमत. टक्केवारीच्या लोभाने माणूस जास्त वसुली करील, कमी नव्हे. येथे तर ढिलाईमुळे सरकारचे पैसे बुडाले. इलायझा पॉइंटवर (आताचे पॉइंट पायपर) 10,000 पौंड खर्चून हेन्रिएटा व्हिला हा आलिशान बंगला बांधा, असे कोणत्या अटीत लिहिले होते? मालमत्ता गहाण टाकून 20,000 पौंड उचलणारा हा गृहस्थ बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचा अध्यक्षही होता. जबाबदारी माणसाचीच.

धागाप्रवर्तक
आपण मांडलेला अध्यक्षपदाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ज्या व्यापाऱ्यांकडून जकात घ्यायची, त्यांच्याच वर्तुळात बँकेचे व्यवहार आणि मेजवान्या चालत असतील, तर तगादा कोण लावणार? लोभ वसुली वाढवतो हे मान्य केले, तरी मिळकतच इतकी मोठी झाली की ढिलाई परवडू लागली.

प्रतिसाद 2
टक्केवारीला सरसकट दोष देऊ नये. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस यांनी बंगालमध्ये कलेक्टरला दरमहा 1,500 रुपये पगार देऊनही वसुलीवर सुमारे एक टक्का कमिशन ठेवलेच होते. मात्र खासगी व्यापाराला बंदी केली होती. म्हणजे मोबदल्याच्या स्वरूपापेक्षा त्याचे प्रमाण आणि त्यावरील देखरेख निर्णायक ठरते. सिडनीत तपासणी व्हायला तेरा वर्षे का लागली, याचे उत्तर गव्हर्नरांनी द्यायला हवे होते.

प्रतिसाद 1
देखरेखीचा मुद्दा मान्य आहे, पण वरिष्ठांनी पाहिले नाही म्हणून कनिष्ठाचे कर्तव्य संपत नाही. पायपर यांनाही ते कळत होते, म्हणून तर ते होडीतून बंदराबाहेर गेले आणि त्यांनी समुद्रात उडी घेतली. खलाशांनी त्यांना वाचवले. पुढे पॉइंट पायपरची जागा विकली गेली आणि ते बॅथर्स्टला शेतीवर राहू लागले.

प्रतिसाद 2
आणि बंदराची वसुली स्वतंत्र कस्टम खात्याकडे गेली. केवळ माणूसच दोषी असता, तर दुसरा नेव्हल ऑफिसर नेमून भागले असते.