बुद्धमूर्ती आधी मथुरेत घडली, गांधारात नव्हे

लालदगड: बुद्धाला चेहरा ग्रीकांनी दिला, म्हणजे पहिली मूर्ती ग्रीक प्रभावाखालच्या गांधारात (आजचा वायव्य पाकिस्तान आणि लगतचा अफगाणिस्तान) घडली, हे फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड फूशे यांचं मत अजून ठोकून सांगितलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. मथुरा संग्रहालयातली कटऱ्याची (मथुरेतल्या कटरा इथे सापडलेली) बुद्धमूर्ती नीट बघा. तांबडा वालुकाश्म, डोक्यावर गोगलगायीच्या शंखासारखा केसांचा पीळ, उजवा हात अभयमुद्रेत, डावा मांडीवर टेकवलेला, वस्त्र एकाच खांद्यावर, छाती भरदार. हा आपला यक्षच आहे, लोक पूजत तो जुना देव! मथुरेजवळच्या परखमची यक्षमूर्ती तर तिच्याही आधीची. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी १९२७ मध्येच हे मांडलं होतं.

गांधारवाट: मथुरेपुरतं मान्य. पण गांधारच्या करड्या दगडातला बुद्ध यक्षातून कसा आला? दोन्ही खांदे झाकलेले, वस्त्राला खोल चुण्या, केस लाटांसारखे. कुषाण राजा कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावरही उभा बुद्ध आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत ‘बोड्डो’, म्हणजे बुद्ध. अफगाणिस्तानातल्या बिमरानची, बुद्ध कोरलेली सोन्याची डबी तर त्याहून जुनी मानतात.

लालदगड: कशावरून? तिच्यासोबत सापडलेल्या नाण्यांवरून. जुनी नाणी नंतरही पुरता येतात की.

लेणीवेडा: पहिली कुणाची यावर तुम्ही दोघं भांडताय, पण त्याआधी शतकानुशतकं मूर्ती का नव्हती ते बघा. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर मगधाचा राजा अजातशत्रू गुडघे टेकून हात जोडतो आणि समोर नुसतं आसन, छत्र, पावलं. लेख मात्र स्पष्ट: ‘अजातसतु भगवतो वंदते’. म्हणजे वंदन भगवंतालाच, फक्त भगवंत कोरलेला नाही. त्याच स्तूपाच्या कठड्यावर यक्ष-यक्षी नाकीडोळी कोरलेत, तेव्हा हात शिकलेले नव्हते असं म्हणायची सोय नाही. आपल्या भाजे लेण्यातल्या चैत्यातही स्तूपच आहे. बदललं ते उपासकांचं मन. ग्रीक की यक्ष, हे त्यानंतर.

लालदगड: मन बदललं ते भिक्षुसंघातही. कनिष्काच्या ३ऱ्या वर्षी सारनाथला भव्य मूर्ती बसवली ती भिक्षू बल याने, मथुरेच्या तांबड्या दगडातली. लेखात तिला ‘बोधिसत्त्व’ (बुद्ध होण्याआधीचा) म्हटलंय. यात ग्रीक कुठे आले?

गांधारवाट: बलाच्या मूर्तीत नसतील. पण गांधार आणि मथुरा, दोन्ही कुषाणांच्याच राज्यात होती आणि पुढे मथुरेच्याच मूर्तींवर दोन्ही खांदे झाकणारं चुणीदार वस्त्र दिसू लागतं. ते परखमच्या यक्षाच्या अंगावर नाही. ते कुठून आलं, तेवढं सांगा.