अनुदानित शाळेचा हिशोब मागता येतो का?

कळवेकर: पोराची शाळा अनुदानित, मास्तरांचे पगार सरकार देतं, तरी दर टर्मला 'विकास निधी' घेतात, पावती साध्या कागदावर ना नंबर ना शिक्का, आणि हिशोब विचारला की क्लार्क म्हणतो ट्रस्टचं खासगी आहे. खरंय का?

घोडबंदरचा_बाबा: खासगी कसलं डोंबलाचं! २०१९ ला डीएव्ही कॉलेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, सरकारचा भरीव पैसा असेल तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकार कायदा, लागू. त्याखाली अर्ज करा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. अर्जात एकच विषय ठेवा मात्र.

ऐरोलीची_आई: शिवाय ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे जातो, ऑफिस ठाण्यातच आहे, तिथे कॉपीसाठी अर्ज करा.

कळवेकर: पोराला त्रास नाही ना देणार?

ऐरोलीची_आई: एकट्याने नका करू, चारपाच पालक मिळून सह्या करा.