काजू-आगळाच्या विक्रीसाठी शॉपिफाय की वूकॉमर्स?

प्रश्न (फोंडा): आमचे काजू व कोकम आगळाचे (कोकमाच्या घट्ट रसाचे) छोटे दुकान आहे आणि पुण्या-मुंबईचे ग्राहक आता घरपोच माल मागतात. आमच्यासारखे व्यावसायिक शॉपिफाय ही ऑनलाइन दुकान चालवण्याची सेवा का निवडतात?

म्हापसा: ज्यांच्याकडे तांत्रिक बाजू सांभाळणारे कोणी नाही, ते प्रामुख्याने तिकडे वळतात, कारण दरमहा शुल्क भरले की सर्व्हर आणि सुरक्षेची काळजी कंपनीच घेते.

मडगाव: आमचे संकेतस्थळ आधीच वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असल्याने आम्ही त्याला ऑनलाइन विक्रीची सोय जोडणारे वूकॉमर्स हे प्लगइन घेतले. मूळ प्लगइन मोफत असले, तरी होस्टिंग (संकेतस्थळासाठी सर्व्हरवरील जागा) आणि अपडेट आपल्याच माथी येतात. गेल्या चतुर्थीच्या तोंडावर एका अपडेटनंतर आमचे पेमेंटचे पानच उघडेना.

फोंडा: आगळाच्या बाटल्या जड असतात. कुरिअरचा दर वजनानुसार लावता येतो का?

म्हापसा: दोन्हींकडे येतो, मात्र बाटलीचे नव्हे, बांधलेल्या खोक्याचे वजन धरावे.