टफनेसला 'चिवटपणा' चालेल का?

अर्धविराम : एका तांत्रिक लेखाचं भाषांतर करतोय. तंतू घातलेल्या काँक्रीटच्या तुळईवर वजन आदळलं तर काय होतं, असा विषय. मी लिहिलं, 'तंतुमय काँक्रीटची तुळई आघात सोसण्याइतकी मजबूत असते.' तपासणाऱ्या अभियंत्याने 'मजबूत' खोडलं. म्हणे स्ट्रेंथ (किती बळ पेलतं) वेगळी, टफनेस (मोडेपर्यंत किती ऊर्जा पचवतं) वेगळा. बरं, मग 'चिवट' लिहिलं, तर संपादक म्हणतात काँक्रीटला तो शब्द शोभत नाही. काय करू?

लोलक : न शोभायला काय झालं? शिकताना अशा तुळया मी स्वतः फोडल्यात. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटवर हातोडा पडला की एकच आवाज आणि दोन तुकडे. पोलादी तंतूवालीला भेग पडते, पण तंतू भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. पुढच्या घावाला ते घासत, उपटत बाहेर येतात आणि त्यातच ऊर्जा खर्ची पडते. सहज निसटू नयेत म्हणून तर त्यांची टोकं वाकवलेली असतात. आकारमानाच्या जेमतेम एक-दोन टक्के तंतू! बळ फारसं वाढत नाही, मोडायचं मात्र लांबतं. हा चिवटपणाच.

शुद्धमती : ताप चिवट, खोकला चिवट. शास्त्राला 'दृढता' हवा.

ओळंबा : दृढ म्हणजे जागचं न हलणारं. ही तर वाकते, भेगाळते, तरी सुटत नाही. बाकी चिवट आणि चामट ही भावंडं असावीत, दोन्ही चामड्यातून आलेली. कोश पाहिलेला नाही, माझा आपला तर्क.

कानामात्रा : चामट ठीक, चिवटचं चामडं ओढूनताणून वाटतं. पण 'तंतुमय' कुणाला खटकलं नाही? मय म्हणजे त्याचंच बनलेलं. दोन टक्क्यांना मय कसलं? तंतुयुक्त म्हणा.

शुद्धमती : 'तंतुप्रबलित'. सळईवाल्याला प्रबलित काँक्रीट रूढ आहेच.

ओळंबा : आणि लोलक आत्ताच सांगून गेले की बळ फारसं वाढत नाही!

लोलक : :) आणि 'इम्पॅक्ट लोड'ला, म्हणजे आदळण्याच्या बळाला, कुणी 'आघातभार' सुचवेल, तर तोही नको. भार म्हटलं की ठेवलेलं ओझं डोळ्यांसमोर येतं. हातोड्यापाशी मोजलेलं सगळं बळ तुळई वाकवण्यात जात नाही, बराचसा वाटा तिच्याच वस्तुमानाला हलवण्यात जातो. माझी पसंती साध्या 'घावा'ला. काँक्रीटच्या चकतीची एक चाचणी असते : ४.५४ किलोचा हातोडा ४५७ मिलिमीटरवरून पुन्हा पुन्हा टाकायचा. पहिली भेग कितव्या घावाला, फुटली कितव्या घावाला, एवढंच मोजायचं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे चिवटपणा. आणखी व्याख्या कशाला?

शुद्धमती : घाव लाकडावर घालतात. शोधनिबंधात घाव?

कानामात्रा : तुळईही लाकडाचीच होती की आधी. संस्कृत तुला म्हणजे तराजू, तसंच घराचं आडवं लाकूडही. ती काँक्रीटची झाली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

ओळंबा : आमचे आजोबा तुळवट म्हणायचे. तुळई हा शब्द मी पुस्तकातच वाचला.

शुद्धमती : तुळवट वेगळं, ते जाड असतं.

कानामात्रा : जाडीचा काय संबंध?

अर्धविराम : मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'चिवट' ठेवतो, 'तंतुमय' काढतो.

ओळंबा : आणि तुळईचं तुळवट करा.