तारापूरला जे मोजलं, ते भोसरीत का मोजू नये?

लेथवाला_भोसरी

माझं भोसरी एमआयडीसीत मशिनिंगचं वर्कशॉप आहे. अकरा मशिन, चौतीस माणसं. वडिलांनी दोन लेथवर सुरुवात केली, संगणकावर चालणारी कटिंग मशिनं, सीएनसी आणि व्हीएमसी, मी आणली. गेल्या दिवाळीनंतर एका सल्लागाराला बोलावून दोन दिवसांचं शिबिर घेतलं. खेळ झाले, भिंतीवर तक्ते लागले, सगळ्यांनी शपथ घेतली. बिल भरलं आणि रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद होणारा माल, होतं तिथंच राहिलं.

त्यानंतर एमबीए करणाऱ्या पुतणीने मला एक शोधनिबंध वाचायला लावला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली छापलेला. तारापूर आणि उंबरगावच्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांवर हा प्रयोग झाला. काही कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, काहींची फक्त महिनाभर तपासणी केली आणि मग दोघांची तुलना केली. शिकवलं काय, तर आपल्याला रोज डोळ्यांसमोर दिसतं तेच. सुताला लेबल लावा, हत्यारं जागेवर ठेवा, मशिन बंद पडलं की कारण लिहा, कापडातले दोष रोज मोजा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली.

मला खटकलं ते पुढचंच. इतकं साधं होतं तर मालकांनी आधी का केलं नाही? त्यांचं म्हणणं होतं, आमची क्वालिटी आसपासच्यांइतकीच आहे, लिहून काय ठेवायचं? ते वाचून मी पुस्तक मिटावं तसा लॅपटॉप मिटला. कारण कस्टमरच्या माणसाला मीही दर वेळी हेच सांगतो. रिजेक्शन किती? ‘दोन-अडीच टक्के.’ कधी मोजलं होतं? कधीच नाही. मग सहा आठवडे मोजलं, रीवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्त करावा लागलेला माल धरून. ६.८ टक्के निघालं.

माझं मत सरळ आहे. आपण लघुउद्योजकांनी शिबिरांवर पैसे उधळणं थांबवावं आणि असं तुलना करून तपासलेलं संशोधन मागावं. नुसतं मागू नये, संशोधकांना आपल्या शेडमध्ये येऊ द्यावं. पुण्यात एवढी मॅनेजमेंट कॉलेजं आहेत, आणि तिथल्या मुलांना प्रोजेक्टसाठी आपण गेटवरून परत पाठवतो. मीही पाठवलं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

निवृत्त_पर्सोनेल

लेथवाले, तुमची तळमळ पोचली, पण मला हे अजिबात पटत नाही. पिंपरीत बत्तीस वर्षं मी कामगारांमध्ये काढली. या शास्त्राच्या किती लाटा आल्या आणि गेल्या, ते पाहिलं आहे.

आम्हाला डिप्लोमाला पहिला धडा होता हॉथॉर्नचा. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ पासूनचे प्रयोग. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणजे माणसाकडे लक्ष दिलं की माणूस काम करतो. यावर पिढ्या पोसल्या गेल्या. पुढे लेव्हिट आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दिव्यांच्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून काढले आणि २०११ मध्ये दाखवून दिलं की पाठ्यपुस्तकात सांगतात तसा ठसठशीत परिणाम त्या आकड्यांत नाहीच.

दुसरं उदाहरण अलीकडचं. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी वरच घेतली तर लोक खरं लिहितात, असा २०१२ चा निबंध. किती कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी तो डोक्यावर घेतला! त्यातले गाड्यांच्या किलोमीटरचे आकडे बनावट निघाले आणि २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

तुमच्या तारापूरचंही पुढचं वाचा. आठ-नऊ वर्षांनी तेच लोक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या गळून पडल्या होत्या. मॅनेजर बदलला, मालकाला वेळ उरला नाही, संपलं.

माणसं ओळखायला माणसांत बसावं लागतं. रिचर्ड लॅम्बर्ट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्याच पुण्यातल्या पाच कारखान्यांचा अभ्यास केला होता, १९६३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. भारतीय कामगार गावाकडे ओढ घेतो, कारखान्यात टिकत नाही, असं तेव्हा शहाणे लोक छातीठोक म्हणत. त्याला इथं उलटंच दिसलं. नोकरी लागली की माणूस तिला वडिलोपार्जित जमिनीसारखा धरून राहतो. पिंपरीत मी तेच पाहिलं. असं संशोधन असेल तर मी दार उघडेन. टक्केवारीवाल्यांसाठी नाही.

---

आकडेमोड

काका, मी याच विषयात पीएचडी करते आहे, त्यामुळे राहवत नाही.

सहीच्या निबंधाची चोरी पकडली कुणी? संशोधकांनीच. मूळ लेखकांनी स्वतः मोठ्या गटांवर प्रयोग पुन्हा केले आणि परिणाम दिसत नाही असं २०२० मध्ये छापलं. त्या वेळी जुने आकडे सगळ्यांसाठी खुले केले, म्हणून दुसऱ्या वर्षी बनावटपणा उघडा पडला. लेथवाल्यांच्या शिबिरवाल्याने कधी परत येऊन ‘माझ्या शिबिराचा उपयोग झाला नाही’ असं सांगितलं का? आमच्या शास्त्रात कचरा आहे, भरपूर आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस निकाल आला. पण कचरा कुठे आहे हे सांगणारी रीतही याच घरात आहे.

निम्म्या पद्धती गळल्या हे खरं. म्हणजे निम्म्या राहिल्या, आणि ज्यांना सल्ला मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते कारखाने तेव्हाही पुढे होते. पाच महिन्यांची शिकवणी आठ वर्षांनी अर्धी उरते, हे मला कमी वाटत नाही.

लेथवाले दादा, तुम्हालाही एक सांगते. ६.८ मोजलंत ते उत्तम, पण त्यातून अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. आणि सूत विणणं वेगळं, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला बोअर, म्हणजे गोल भोक, मारणं वेगळं. १७ टक्क्यांचा आकडा उचलून भोसरीत आणू नका.

---

हिंजवडी_वाकड_रोज

मी आयटी कंपनीत एचआरला आहे. संशोधनाचा मला जो अनुभव येतो तो असा: साहेबांनी आधी ठरवायचं आणि मग निबंध शोधायला मला सांगायचं.

लोकांना ऑफिसला परत बोलवायचं ठरलं तेव्हा मला चेन्नईचा अभ्यास स्लाइडवर टाकायला लावला. डेटा एंट्री करणाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही घरी, काही ऑफिसात बसवले. घरच्यांचं काम १८ टक्के कमी. त्याआधी कोविडमध्ये, ऑफिसची जागा सोडून भाडं वाचवायचं होतं, तेव्हा शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीचा अभ्यास होता, त्यात घरून काम करणारे १३ टक्के पुढे. दोन्ही अभ्यास चांगले, दोन्ही तुलनेचे. स्लाइडचा रंगसुद्धा आम्ही तोच ठेवला होता.

या सगळ्यात भूमकर चौकात रोज दीड तास अडकणाऱ्या मुलींना कुणी एकदाही विचारलं नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. संशोधन वाईट नाही, पण ज्याच्या हातात निर्णय आहे तो त्यातून हवं तेवढंच कापून घेतो.

---

आकडेमोड

ताई, तुमचा त्रास समजतो. पण दोन अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. शांघायला घरी पाठवलेले लोक स्वतः तयार झालेले होते, किमान सहा महिने नोकरीत मुरलेले, घरी ब्रॉडबँड आणि स्वतंत्र खोली असलेले. चेन्नईला नव्याने घेतलेले लोक, आणि तिथं ज्यांना घरूनच काम हवं होतं त्यांचंच काम घरी जास्त घसरलं. बहुतेकांना घरात दुसरी जबाबदारी होती किंवा जागा नव्हती, असं मला त्यावरून वाटतं. साहेबांना विचारायला हवं होतं: आपल्या मुलींची घरं शांघायसारखी की चेन्नईसारखी? आणि सीट्रिपचाच २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला पुढचा अभ्यास आहे, १,६१२ लोकांवर. आठवड्यात दोन दिवस घरून. कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही, नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले. ती स्लाइड करून ठेवा.

---

शिफ्ट_बी

मी व्हीएमसी चालवतो. भोसरीतच, लेथवाल्यांकडे नाही. सगळ्यांचं वाचलं.

१७ टक्के वाढले ते कुणाच्या खिशात गेले? हे कुणी लिहिलं नाही.

आमच्याकडे पण मोजायला सुरुवात केली होती. ऑपरेटरच्या नावापुढे रिजेक्शनचे लाल आकडे, पाणी पितो त्या भिंतीवर. माझ्या मशिनच्या स्पिंडलला, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या दांड्याला, आवाज होता, तीन वेळा सांगितलं होतं. बोअर ओव्हल जायचा. लाल आकडा माझ्या नावापुढे. महिन्याच्या शेवटी हजेरी बोनस कापला. तेव्हापासून पोरं खराब जॉब, म्हणजे बिघडलेले पार्ट, सांगतच नाहीत, स्क्रॅपच्या ड्रममध्ये खाली घालतात. कागदावर रिजेक्शन कमी झालं. मालक खूश.

मोजून काय होतं ते मला कुठल्या निबंधात वाचायची गरज नाही.

---

निवृत्त_पर्सोनेल

शिफ्ट बी, शाबास. बत्तीस वर्षांत मी जे सांगू शकलो नाही ते तू दहा ओळीत सांगितलंस.

---

हिंजवडी_वाकड_रोज

दादा, तुम्ही लिहिलंत त्याच्या जवळचा एक अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. बंगळुरूकडच्या कपडे शिवणाऱ्या मोठ्या कंपनीत पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी आली. अर्ध्या कामगारांना नाव न लिहिता पगाराबद्दल, सुपरवायझरबद्दल मत मांडायची संधी दिली, बाकीच्यांना दिली नाही. ज्यांना बोलता आलं त्यांच्यात नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिलं.

---

शिफ्ट_बी

बोलू दिलं म्हणून पगार वाढला का?

---

हिंजवडी_वाकड_रोज

नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी हा अभ्यास दोन वर्षं चांगली बातमी म्हणून सांगत होते, असा विचार केला नव्हता.

---

लेथवाला_भोसरी

शिफ्ट बी, रात्री झोप लागली नाही तुमचं वाचून. माझ्याकडच्या ६.८ मध्ये ड्रमच्या तळाचे जॉब धरलेत का, हे मला सकाळी जाऊन बघावं लागलं. धरले नव्हते.

काकांना मात्र एक सांगायचं आहे. माणसांत बसून कळतं म्हणता, पण माझे वडील चाळीस वर्षं माणसांत बसले. मुलांच्या मुंजी-लग्नांना जातात, ॲडव्हान्स देतात. त्यांनाही हा आकडा ठाऊक नव्हता. जिव्हाळ्याने सगळंच दिसत नाही हो.

---

निवृत्त_पर्सोनेल

हे मान्य करतो. थोडं अधिक मान्य करतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी केलेला प्रयोग मी विसरलो होतो. ऑटोमॅटिक माग आले होते, प्रत्येकाचं काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं, कुणाचं कुणाशी नातं नाही. ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान टोळीने मिळून घ्यायची, असं सुचवल्यावर टोळ्या कशा बनवायच्या ते कामगारांनी आणि सुपरवायझरांनी आपसात बसवलं. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. तिथं आकडे होते आणि माणसंही होती. १९७० मध्ये परत पाहिलं तर एका शेडमध्ये ती रीत बरीचशी टिकली होती, इतरत्र विरत गेली होती. म्हणजे गळती सगळीकडेच लागते. पण कुणी बसवलं यावर मी अजून अडून आहे. बाहेरून येऊन बसवलेलं मला नको.

---

लेथवाला_भोसरी

मग असं करू का, सांगा. माझ्याकडे एकाच मेकच्या सहा व्हीएमसी आहेत. तीनवर नवी रीत: पहिला जॉब तपासल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही, आणि इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलला की वहीत लिहायचं. तीनवर जुनंच चालू द्यायचं. आठ आठवडे.

---

आकडेमोड

कुठल्या तीन, ते तुम्ही ठरवू नका. तुम्ही चांगले ऑपरेटर असलेली मशिनं निवडाल, नकळत. चिठ्ठ्या टाका, सगळ्यांसमोर. आठ आठवड्यांनी अदलाबदल करा, कारण तीन विरुद्ध तीन फार थोडं आहे. आणि ड्रम रोज दुसऱ्याच कुणीतरी रिकामा करून मोजायचा, सहाही मशिनांचा.

---

शिफ्ट_बी

तुमच्याकडचा नसलो तरी अटी सांगतो, तुमची पोरं तोंडावर सांगणार नाहीत.

वहीत मशिनचा नंबर, माणसाचं नाव नाही. सोळा आठवडे रिजेक्शनवरून कुणाचा पैसा कापायचा नाही. आणि रिजेक्शन खाली आलं तर वाचलेल्या पैशातला वाटा किती, ते चिठ्ठ्या टाकायच्या आधी सांगायचं. नंतर नाही.

---

लेथवाला_भोसरी

पहिल्या दोन आजपासून मान्य. तिसरीला वडिलांची सही लागते, भागीदारी त्यांच्या नावावर आहे. आमच्यात असा वाटा कधी दिलेला नाही, दिवाळीला बोनस दिला की झालं असं ते मानतात. गुरुवारी घरी बोलतो आणि इथंच लिहितो.

---

शिफ्ट_बी

गुरुवारी मलाही सुट्टी आहे. आकडा लिहा.