पाहुण्यांच्या हातून काही तुटलं-फुटलं तर? तुमचे अनुभव सांगा

मी सुट्टीसाठी येणाऱ्यांना चार-आठ दिवस घर भाड्याने देते. परवा पाहुणे गेल्यावर आवरताना पलंगाखाली दिव्याच्या काचा सापडल्या. कागदात नीट गुंडाळून आत सरकवलेल्या. दिव्याचं काही वाटलं नाही, पण त्याच दिवशी येणाऱ्या कुटुंबात रांगतं बाळ होतं. मी वाकून पाहिलं नसतं तर? सांगितलं असतं तर मी चकार शब्द बोलले नसते, पण हे त्यांना कुठून कळणार!

मुद्दाम केलेली नासधूस इथे नको. चुकून झालेल्या नुकसानीबद्दल लिहा. घर देणारे, राहणारे, सफाई करणारे, सगळेच.

*

मी राहणाऱ्यांपैकी. वरच्या फडताळातून डबा निसटला तो थेट इंडक्शन शेगडीच्या काचेवर. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा. रात्रीचे साडेदहा वाजलेले. नवरा म्हणाला, सकाळी सांगू. मला झोपच येईना. शेवटी फोटो काढला आणि जसं घडलं तसं लिहून पाठवलं.

घरमालकिणीचं उत्तर आलं, "कुणाला लागलं नाही ना? शेगडी आता वापरू नका, भिंतीवरचा मेन स्विच बंद करा." तडकलेल्या काचेतून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो, हे मला तेव्हा कळलं. एवढं झाल्यावर पैशांचं बोलणं अवघड गेलं नाही. शेगडी बरीच जुनी आहे, म्हणून निम्मेच द्या, असं त्यांनीच सांगितलं आणि दुरुस्तीची पावतीही पाठवली. त्यानंतर आम्ही दोनदा तिथेच राहिलो.

*

जुन्या वस्तूचा हा हिशोब मला एका पाहुण्याने शिकवला. त्याच्याकडून सोफ्यावर पेनाची शाई सांडली होती आणि मी नव्या सोफ्याची पूर्ण किंमत मागितली. त्याने शांतपणे विचारलं, सोफा किती वर्षांचा? तेव्हा राग आला, पण म्हणणं रास्त होतं. दहा वर्षं टिकणारा सोफा सात वर्षं वापरून झाला असेल, तर माझं नुकसान उरलेल्या तीन वर्षांचं. कप, ग्लास, हँगर यांचे पैसे मी आता मागतच नाही. ते भाड्यातच धरलेले असतात.

*

मी अशा घरांची सफाई करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. रंगीत टॉवेलवर फिकट नारिंगी ठिपके दिसले की मालक म्हणतात, पाहुण्यांनी डाग पाडले. तो डाग नसतोच, रंग उडालेला असतो. मुरुमांच्या क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, त्याने कापडाचा रंग जातो. कितीही धुतलं तरी तो परत येत नाही आणि तोंड पुसणाऱ्याला पत्ताही नसतो. पांढरे टॉवेल ठेवा, हा विषयच संपतो.

रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. अशा कितीतरी चादरी पाहुण्यांनी नाही, आपणच घाईत वाया घालवलेल्या असतात.

लाकडी टेबलावर पेल्याचं पांढरं वर्तुळ उमटलं असेल तर ओल फक्त पॉलिशमध्ये अडकलेली असते. हेअर ड्रायरची मंद ऊब दिली की बरेचदा जातं. काळं पडलं असेल तर पाणी लाकडात उतरलं आहे, तिथे सुतारच लागेल. भरपाईचा मेसेज टाकण्याआधी निदान एवढं बघा.

*

मुदतीचं लक्षात ठेवा. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्या-घेण्याच्या साइटवर पाहुणे गेल्यापासून 14 दिवसांत भरपाईची मागणी नोंदवावी लागते. पाहुण्याला उत्तरासाठी 24 तास मिळतात, मग कंपनीला मध्ये घेता येतं. पलंगाची फळी मोडल्याचं मला फार उशिरा कळलं. मधे दोन कुटुंबं राहून गेली होती, कुणाला विचारणार? कुणालाच विचारलं नाही. आता दर वेळी गादी उचलून व्हिडिओ काढतो.

*

दुसरी बाजूही ऐका. लाकडी फरशीवरचा ओरखडा आमच्या माथी मारला गेला होता. नशिबाने माझ्या मुलीने आत शिरताच खोलीखोलीचे फोटो काढले होते, त्यात तो स्पष्ट दिसत होता. तारीख-वेळेसह पाठवले, मागणी मागे घेतली गेली. पण तोवरचे दोन दिवस चोरी केल्यासारखे गेले. घरमालकांनो, विचारताना आधी "तुमच्या वेळी झालं का?" असं विचारा.

*

सगळ्यांचं वाचलं. फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे : "काही फुटलं तर लगेच कळवा. आम्ही रागावणार नाही. काच हाताने उचलू नका, झाडू-सुपली दाराआड आहे."

काल पहिला मेसेज आला, कप फुटला म्हणून. सोबत फोटो, आणि तुकडे कुठे ठेवलेत तेही लिहिलं होतं.